टिकलीवाली पुस्तकं आणि डेट्रॉईटची मुलगी

आमच्या घरात अमेरिकेचा अभ्यास स्वयंपाकघरात झाला, आणि तो खुनांपासून सुरू झाला. दुसऱ्या एखाद्या घरात नकाशा आणला असता, तिकडच्या कोणाला पत्र टाकून थंडी किती पडते, भाजी कुठली मिळते असं विचारलं असतं. माझ्या आईने मला इंग्लंडातल्या आमच्या स्लाऊ गावाच्या लायब्ररीत पाठवलं आणि अमेरिकन रहस्यकथा आणायला सांगितल्या. त्या लायब्ररीत प्रत्येक रहस्यकथेच्या पाठीवर एक लाल गोल कागद चिकटवलेला असे, म्हणून आमच्याकडे त्यांचं नाव पडलं टिकलीवाली पुस्तकं. "टिकलीवालं आणलंस का?" हा प्रश्न मी शाळेतून येऊन बूट काढायच्या आतच यायचा. मी तेव्हा तेरा-चौदा वर्षांची होते. दोन वेण्या, जाड काचांचा चष्मा, आणि खोटं बोलायला अगदी सबळ कारण. त्या कारणाकडे मी येतेच.

बाबा जवळच्या एका हॉस्पिटलात डॉक्टर होते. त्यांच्या हाताखाली शिकलेली गोरी मुलं कन्सल्टंट, म्हणजे विभागाचे मोठे डॉक्टर, होऊन गेली आणि बाबा होते तिथेच राहिले. ते याबद्दल कधी बोलत नसत. फक्त तशा दिवशी घरी आले की त्यांना कोट काढून खुंटीला लावायला फार वेळ लागायचा. त्यांचे कॉलेजातले मित्र सरपोतदार क्लीव्हलँडला होते आणि निळ्या एअरोग्रामवर बारीक अक्षरात अमेरिकेचं कौतुक लिहून पाठवायचे: दोन मोटारी, घराभोवती हिरवळ, माणसाचं काम बघतात, कातडी बघत नाहीत. शेवटी त्यांचं पत्र आलं की क्लीव्हलँडला एक जागा आहे, डेट्रॉईटलाही एक आहे, गणपतीच्या आत काय ते कळव. बाबांनी ते पत्र आईसमोर ठेवलं. "इथे येताना मी तुला विचारलं नव्हतं, नुसतं तिकीट दाखवलं होतं," ते म्हणाले. "या वेळी तू डिसाइड कर. तू म्हणशील ते फायनल." आईने पत्र मिसळणाच्या डब्याखाली सरकवलं आणि विचार करते म्हणाली. मला कोणीच विचारलं नाही. त्या काळी मुलांना विचारत नसत. माझ्या आठ वर्षांच्या नातीला आता नाश्त्याला काय हवं इथपासून सगळं विचारतात, आणि तिलाही ते ठरवता येत नाही.

आई मिरजेच्या कोर्टातल्या शिरस्तेदारांची मुलगी. तिच्या माहेरी जेवताना वरणभाताबरोबर फिर्यादी, आरोपी आणि पंचसुद्धा पानात वाढले जायचे. त्यामुळे जग समजून घ्यायची तिची एक स्वतःची पद्धत होती. मी आधी तिच्यासाठी चकचकीत फोटोंचं प्रवासाचं पुस्तक आणलं होतं. तिने ते पाच मिनिटं चाळलं आणि परत दिलं. "यात नुसते पुतळे आणि पूल आहेत," ती म्हणाली. "माणसं कशी राहतात ते कुठाय? माणूस कसा राहतो ते त्याच्या घरात खून झाला की कळतं. पोलीस थेट स्वयंपाकघरात जातात. डबे उघडतात. घरमालक कसा आहे, शेजारीण काय बोलली, नवऱ्याची नोकरी आहे का गेली, सगळं बाहेर पडतं." पुढे मोठमोठ्या विद्वानांनी अमेरिकन रहस्यकथेवर लिहिलेलं मी पुष्कळ वाचलं. बहुतेकांनी आईचंच म्हणणं दोनशे पानांत मांडलेलं असतं, आणि त्यांना पोळ्याही करायच्या नसतात.

एक गोष्ट मात्र तिच्या डोक्यातून कधीच गेली नाही. तिचा ठाम समज होता की तिकडच्या प्रत्येक शहरावर एकेक रहस्यकथा असते, आपल्याकडे जिल्ह्याचं गॅझेटियर असतं तशी. "शिकागो झालं. आता डेट्रॉईट आण," ती फर्मान सोडायची. लायब्ररीतल्या मिसेस पेनफोल्ड या उंच, सुकलेल्या बाईंनी हे सगळं फार मनावर घेतलं. "युवर मदर डझ लाइक हर मर्डर्स," त्या दर वेळी म्हणायच्या आणि डेट्रॉईट नसेल तर बफेलो चालेल का असं विचारायच्या, दुकानात मेथी नसली की पालक पुढे करतात तसं.

आईचं इंग्रजी बसच्या पाट्या वाचण्यापुरतं आणि दूधवाल्याला चिठ्ठी लिहिण्यापुरतं होतं. म्हणून वाचायचं मी आणि लगोलग मराठीत सांगायचंही मीच. वेळ साडेचारची. आई कणीक तिंबायला घ्यायची, मी टेबलाशी बसायचे, खिडकी उघडी असली की ट्रेडिंग इस्टेट नावाच्या कारखान्यांच्या वसाहतीवरून चॉकलेटच्या कारखान्याचा गोड वास आत यायचा आणि फोडणीच्या हिंगात मिसळायचा. हा वास मला आजही कुठे आला तर मला वाटतं आता कोणीतरी मरणार. वरच्या मजल्यावर गरम पाण्याच्या टाकीचं कपाट होतं, त्यात टॉवेलांच्या शेजारी दह्याचं पातेलं आणि मोड यायला बांधलेली मटकी. दर दोन-चार मिनिटांनी हीथ्रोकडे जाणारं विमान छपरावरून घरघरत जायचं, तेवढ्यापुरतं मी वाचणं थांबवायचे. बंदूक रोखलेली असली तरी थांबायचे. आई तेवढ्यात एक पोळी लाटून घ्यायची.

ऐकणारी म्हणून ती भयंकर होती. गुप्तहेर एकटा राहतो, घटस्फोट झालाय, टेबलाच्या खणात बाटली ठेवतो, हॉटेलच्या काउंटरवर उभ्याउभ्या खातो, हे आलं की पहिला प्रश्न: "त्याला जेवायला कोण वाढतं?" प्रेत सापडलं की दुसरा: "पंच बोलावले का?" मी सांगायचे की आई, तिकडे पंच नसतात. "मग हा सुरा तिथेच सापडला याला साक्षीदार कोण? उद्या आरोपीचा वकील उठून म्हणेल, पोलिसांनीच नेऊन टाकला." या एका मुद्द्यावर तिने अमेरिकेतले निम्मे खुनी निर्दोष सोडले. आणि तिसरा प्रश्न, जो तिने मला हजारदा तरी विचारला असेल: "हे पुस्तकातलं, की तुझ्या पदरचं?" कारण मी सांगताना हात सैल सोडते हे तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

मी हाताला लागेल ते पुस्तक उचलायचे, त्यामुळे जुनी-नवी एकत्र यायची, आणि त्यामुळेच एक मजा आईच्या लक्षात आली. जुन्या पुस्तकांत एक वाईट माणूस असायचा. तो पकडला की गाव पुन्हा चांगलं. नव्या पुस्तकांत तो पकडला तरी काही होत नसे, कारण त्याच्यामागे बिल्डर, बिल्डरमागे पोलीसप्रमुख आणि सगळ्यांच्या मागे महापौर. तिकडच्या राष्ट्राध्यक्षांना थोड्याच वर्षांपूर्वी खुर्ची सोडावी लागली होती, आणि त्यानंतर लिहिलेल्या प्रत्येक पुस्तकातला महापौर चोर होता. आई तर दुसऱ्या प्रकरणातच विचारायची, "महापौर आला का? मग तोच." क्वचितच चुकायची. एका पुस्तकात पाठलाग करता करता गुप्तहेर आणि गुन्हेगार दोघंही पेट्रोलच्या एकाच रांगेत अडकले. पेट्रोल मिळेनासं झालं होतं ना, तेव्हाचं पुस्तक. दुसऱ्या एकात खून करणारा मुलगा आशियातल्या युद्धावरून परत आलेला होता आणि छताचा पंखा फिरला की हेलिकॉप्टर आलं समजून टेबलाखाली जाऊन बसायचा. त्या दिवशी आईने तव्यावरची पोळी करपू दिली. "याला कसले पकडतायत," ती म्हणाली, "याला आईकडे पाठवा." लेखकांना खुनाचं सांगायचं असतं पण देशाचंच सांगून जातात, असं ती नाक पुसत म्हणाली, आणि करपलेली पोळी तिने स्वतःच्या पानात घेतली.

माझी साठी कधीच उलटली आणि टिकलीवाली पुस्तकं मी अजून वाचते. हल्ली त्यांत महापौर फारसे भेटत नाहीत. डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या गोळ्यांनी वेडावलेली गावं भेटतात, बँकेने कुलूप ठोकलेली घरं, सीमेवर आईपासून तोडलेली लेकरं, कोणीतरी फोनवर शूट केलेले पोलीस. गुप्तहेर पुष्कळदा बाई असते, कधी कृष्णवर्णीय, कधी मेक्सिकन, एकदा तर चक्क आपल्याकडची होती आणि तिला आमटी करता येत नव्हती. तिला जेवायला कोण वाढतं हा प्रश्न मात्र तसाच आहे. माझी मुलगी मँचेस्टरला हॉस्पिटलात कामाला आहे, ती भांडी घासताना कानात काहीतरी घालून ऐकते. मी विचारलं कुठलं पुस्तक, तर म्हणाली, "आई, हा बुक नाही, पॉडकास्ट आहे. रिअल मर्डर आहे." म्हणजे तिच्या आजीचं आणि माझं चाललं होतं तेच, फक्त मधला अनुवादक काढून टाकला.

आता माझं कारण. मला अमेरिकेला जायचं नव्हतं. शेजारच्या घरात मॉरीन नावाची आयरिश मुलगी राहायची, ती माझी एकुलती एक मैत्रीण होती, आणि शाळा संपेपर्यंत एका बाकावर बसायचं असं आम्ही दोघींनी त्यांच्या कोळशाच्या खोलीत शपथेवर ठरवलं होतं. ठरवणार आई. आईला अमेरिका दिसणार माझ्या तोंडून. एवढी सत्ता मला त्यानंतर आयुष्यात कधी मिळाली नाही, आणि मी ती मनसोक्त वापरली. पहिल्या पुस्तकात एक खून होता, मी तीन केले. बफेलोमध्ये एक बाई नुसती आजारी होती, तिला मारलं. क्लीव्हलँडचं पुस्तक संपेपर्यंत अटक करायला कोणी जिवंत उरलं नव्हतं. "मग पोलिसांनी नेलं कोणाला?" आईने विचारलं. "शेजाऱ्याला," मी म्हणाले. आई म्हणाली की सरपोतदारांना शेजाऱ्यांशी जपून राहायला कळवायला पाहिजे.

पण मी अमेरिका पाहिलेली नव्हती. बंदुका, पाऊस आणि काळ्या गाड्या संपल्यावर माझ्याकडे भीतीचं दुसरं सामान उरलं नाही, तेव्हा मी घरातलं काढायला लागले. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानाच्या काचेत रविवारी वीट आली होती, ती मी बफेलोला नेऊन टाकली. रेल्वेच्या पुलाखाली पांढऱ्या रंगात आमच्यासारख्यांनी आपल्या देशात परत जावं असं लिहिलेलं होतं, ते शिकागोत लिहिलं. आई ऐकून "तिकडेही?" एवढंच म्हणायची आणि पुढची पोळी घ्यायची. मला वाटायचं छान चाललंय. अमेरिका दिवसेंदिवस वाईट होत होती आणि स्लाऊ त्या मानाने बरं दिसत होतं.

मग जूनमधल्या एका दुपारी बस स्टॉपवर तीन मुलं आली. वरच्या वर्गातली, तोंडओळखीची. मॉरीनला त्या दिवशी ताप होता, मी एकटी होते. त्यांनी माझं दप्तर ओढून रस्त्यावर उलटं केलं, वह्यांवर बूट घेऊन नाचले, एकाने माझा चष्मा काढून स्वतःच्या डोळ्यांवर लावला आणि माझ्यासारखं बोलून दाखवलं, आणि मग तो खाली टाकून त्यावर टाच फिरवली. काय म्हणत होते ते मी इथे लिहीत नाही. पुलाखाली लिहिलं होतं तेच, तोंडी. रांगेतली मोठी माणसं टाइमटेबल वाचत होती. रस्त्यापलीकडे एक पोलीस उभा होता. मी त्याच्याकडे गेले, मला धड दिसतही नव्हतं, आणि त्याला सगळं सांगितलं. "मुलं मस्ती करतातच, लव्ह," तो म्हणाला. लव्ह इथे कोणालाही म्हणतात. "पळ आता घरी." घरी येऊन मी सांगितलं की हॉकी खेळताना पडले. बाबांनी तडा गेलेल्या चष्म्याच्या मोडक्या दांडीला हॉस्पिटलची पांढरी चिकटपट्टी गुंडाळून दिली. खरं सांगितलं असतं तर माझ्याच बाजूचा साक्षीदार फुटला असता: आईने त्याच संध्याकाळी क्लीव्हलँडला हो म्हणून टाकलं असतं. म्हणून मी गप्प बसले. पण गोष्ट पोटात राहीना. मला रोज दुपारी जेवण नकोसं व्हायचं, आणि बस स्टॉप टाळून मी दोन मैल चालत यायचे.

पुढच्याच आठवड्यात मिसेस पेनफोल्डनी विजयी मुद्रेने डेट्रॉईट काढून दिलं. बंद पडलेला मोटारीचा कारखाना, काम गेलेली माणसं, जळालेल्या घरांची रांग आणि एक बेपत्ता फोरमन. दुसऱ्या प्रकरणात बसची वाट बघणाऱ्या एका मुलीला काळी गाडी जाताना दिसते. पुस्तकात त्या मुलीला दीड ओळ होती, बस्स. मी तिथे आले आणि मला थांबता येईना.

"मग तिकडून तीन मुलं आली," मी सांगायला लागले, पुस्तकात बघत, पान न उलटता. "त्यांनी तिचं दप्तर घेतलं. सगळं रस्त्यावर टाकलं. वह्यांवर पाय दिले. आणि रांगेतली माणसं नुसती बघत होती. नाही, बघत पण नव्हती."

"अगं बाई," आई म्हणाली. लाटणं चालूच होतं.

"मग चष्मा फोडला. ती पोलिसाकडे गेली तर तो म्हणाला, घरी जा. मग ती परत आली, वह्या उचलल्या, कपाळाला लावल्या, दप्तरात भरल्या आणि..."

लाटणं थांबलं. एक विमान आलं आणि गेलं. मी पुस्तकातून मान वर केली नाही.

"काय केलं तिनं वह्यांचं?"

"उचलल्या."

"मग?"

"कपाळाला लावल्या."

"डेट्रॉईटच्या मुली," आई सावकाश म्हणाली, "पाय लागलेल्या वह्या कपाळाला लावतात?"

एवढ्या रहस्यकथा वाचल्या, पण इतक्या थोडक्यात गुन्हा उघडकीला आलेला मी दुसरीकडे पाहिलेला नाही. आईने पिठाचे हात धुतले, पुसले, माझ्यासमोर येऊन बसली आणि माझ्या डोळ्यांवरचा चष्मा काढून चिकटपट्टीशी उलटापालटा करून पाहिला. "हे पुस्तकातलं, की तुझ्या पदरचं?" तिने विचारलं. नेहमीच्या खोचक आवाजात नाही, अगदी हळू. "माझं," मी म्हणाले, आणि मग मी रडले ते रडलेच. तिने मला पोटाशी धरलं. तिच्या पदराला कणकेचा आणि हिंगाचा वास येत होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "मी या देशात नऊ वर्षं मान खाली घालून चालले ते तुला वर बघता यावं म्हणून. हे कधी झालं, किती वाजता झालं, कोण कोण होतं, एकेक सांग." सांगून झाल्यावर तिने गॅस बंद केला, निळी साडी नेसली, त्यावर हिवाळ्याचा कोट चढवला, जूनमध्ये, आणि आम्ही पोलीस स्टेशनला निघालो.

काउंटरमागे लाल मिशांचा एक सार्जंट चहा पीत होता. त्याने माझं ऐकून घेतलं, सहानुभूतीने मान हलवली, मुलं ती मुलंच असं काहीसं म्हणाला आणि पेनाचं टोपण लावलं. मी आईला सांगितलं. "तोंडी तक्रार म्हणजे तक्रार नव्हे," आई म्हणाली. "लिहून घ्या म्हणावं. वेळ घाला, जागा घाला, रांगेत किती माणसं होती ते घाला, आणि त्या पोलिसाच्या खांद्यावर नंबर असेल तो शोधा." मी सगळं इंग्रजीत सांगितलं. सार्जंटने टोपण काढलं. तो बराच वेळ लिहीत होता, मधूनमधून आईच्या कोटाकडे बघत होता. मग त्याने लिहिलेलं मोठ्याने वाचून दाखवलं आणि कागद सहीसाठी माझ्याकडे सरकवला.

"काय लिहिलंय?" आईने विचारलं.

मला त्या खोलीतून बाहेर पडायचं होतं. सगळं नीट लिहिलंय, ते त्या मुलांना पकडणार आहेत, सॉरीसुद्धा म्हणाले, एवढं सांगितलं असतं तर आम्ही पाच मिनिटांत घरी असतो, आणि स्लाऊची लाजही राहिली असती. याचा सराव मी तीन महिने रोज साडेचारला केला होता. "सगळं लिहिलंय," मी म्हणाले.

"सगळं लिहिलंय का असं मी नाही विचारलं. काय लिहिलंय? त्यांचं सांग. तुझं नको."

मी कागद पुन्हा वाचला. आणि आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याचे शब्द, कमी नाही की जास्त नाही, जसेच्या तसे मराठीत सांगितले. "लिहिलंय, शाळकरी मुलांमध्ये किरकोळ बाचाबाची झाली. एका मुलीच्या वस्तू खाली पडल्या."

"पडल्या?"

"पडल्या."

"चष्म्याचं?"

"नाही."

"काय बोलले ते?"

"नाही."

"तो पोलीस?"

"तोही नाही."

आईने दोन्ही हात काउंटरवर ठेवले. "त्यांना सांग, हे खोडा आणि झालं तसं लिहा. नवा कागद नको, इथेच खोडा. आणि खोडलं तिथे सही करा." सार्जंटचे कान मिशांच्या रंगावर गेले. तो आईकडे बघत राहिला, आई त्याच्याकडे. मग तो माझ्याकडे वळला. "व्हेअर ऑन अर्थ डिड युवर मदर लर्न ऑल धिस?" त्याने विचारलं.

"डेट्रॉईट," मी म्हणाले.

त्याने खोडलं. पुन्हा लिहिलं. या वेळी वह्या पडल्या नव्हत्या, फेकल्या होत्या. चष्मा फोडला होता. आणि रस्त्यापलीकडे एक पोलीस उभा होता. मी सही केली, खाली आईने देवनागरीत केली, पल्लेदार, तिच्या वडिलांसारखी.

घरी आलो तर बाबा अंधारून आल्यासारखा चेहरा करून पोळपाटाशेजारी बसले होते. अर्धी लाटलेली पोळी वाळून गेली होती आणि घरात कोणी नाही, त्यामुळे काहीतरी भयंकर झालं असं त्यांनी ठरवलं होतं. घरी असले की टिकलीवाली पुस्तकं तेही कान देऊन ऐकत असत हे मला तेव्हा कळलं. आईने त्यांना सगळं सांगितलं. "अगं, मला फोन करायचा. उद्या मी जाऊन बघतो, उगीच ट्रबल नको," ते म्हणाले. "तुम्ही पेशंट बघा. हे मी बघितलंय," आई म्हणाली. बाबांनी माझा चष्मा हातात घेतला आणि स्वतःच लावलेल्या पट्टीवरून बोट फिरवलं. "मी पट्टी लावली," ते म्हणाले. "विचारलं नाही." मग ते उठले, मिसळणाचा डबा उचलला आणि खालचं पत्र काढलं. "झालं तेवढं पुरे. सरपोतदारला हो कळवतो. आता इथे राहण्यात काही अर्थ नाही."

तीन महिन्यांचे सगळे खून फुकट गेले होते, आणि गेले होते माझ्याच तोंडाने.

"ठरवायचं मी होतं ना?" आईने विचारलं.

"हो, पण आता..."

"मग ऐका. आज फिर्याद नोंदवली आहे. पोरीची सही आहे त्यावर. उद्या तारीख लागली आणि फिर्यादी क्लीव्हलँडला असली तर काय होईल? केस काढून टाकतील. फिर्यादी गैरहजर. माझ्या वडिलांच्या डोळ्यांदेखत किती खऱ्या केसेस अशा गेल्या. माणसं गाव सोडून जायची आणि समोरचे हसत घरी जायचे." तिने पत्राची घडी घालून ते बाबांच्या खिशात ठेवलं. "केसचा निकाल लागेपर्यंत आपण इथून हलायचं नाही." मग आई माझ्याकडे वळली. "आणि तू गं. क्लीव्हलँडमध्ये खरे किती मेले?"

"एक."

"वाटलंच मला. एवढी माणसं मेल्यावर सरपोतदार पत्र लिहायला उरले कसे?"

तारीख कधी लागली नाही. टपालात सरकारी दिसणारं पाकीट आलं की आई आधी ते उघडून माझ्यापुढे धरायची, आणि ते गॅसवाल्यांचं निघायचं. शाळेत ती तीन मुलं मला बघून रस्ता बदलायची, त्यामुळे कोणीतरी त्यांच्या घरी जाऊन आलं असावं. पण तसं आम्हाला कोणी कळवलं नाही. बाबा पुष्कळ वर्षांनी कन्सल्टंट झाले, म्हाताऱ्या माणसांच्या विभागात, जो दुसऱ्या कोणाला नको होता. मी कोर्टात दुभाषी झाले आणि तीस वर्षं लोकांचे शब्द इकडचे तिकडे नेले, एकालाही पदरचं न घालता. ज्या मॉरीनसाठी मी एवढी माणसं मारली ती पुढच्याच वर्षी वडिलांबरोबर ऑस्ट्रेलियाला गेली. आईची दृष्टी अधू झाल्यावर मी तिला पुन्हा टिकलीवाली पुस्तकं वाचून दाखवायला लागले. मधेच ती मला थांबवून विचारायची, "आपली तारीख आली का गं?" चेष्टा करायची, पण पुरती चेष्टाही नव्हती. मी म्हणायचे, "अजून नाही." ती म्हणायची, "मग वाच पुढे."

आता ती नाही, बाबाही नाहीत. मुलगी दर रविवारी फोनवर म्हणते, "आई, स्लाऊमध्ये आता काय आहे? घर विक आणि मँचेस्टरला ये ना." मी तिला येते म्हणून सांगते, आणि राहते. ती हसेल म्हणून खरं कारण सांगत नाही. माझी एक केस अजून पुकारायची आहे, आणि फिर्यादी हजर आहे.